अरेथा फ्रँकलिन : मान आणि मानधन

सोल संगीताची सम्राज्ञी म्हणून ओळखल्या गेलेल्या अमेरिकी गायिका अरेथा फ्रँकलिन यांचे १६ ऑगस्ट २०१८ रोजी डेट्रॉइट येथे वयाच्या ७६ व्या वर्षी निधन झाले. चर्चमधील भक्तिगायन आणि रिदम अँड ब्लूज यांच्या मिलाफातून घडलेली ही गायनशैली त्यांनी वडिलांच्याच चर्चमध्ये आत्मसात केली होती. १८ ग्रॅमी पुरस्कार आणि रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये १९८७ साली प्रवेश मिळवणारी पहिली महिला हा बहुमान त्यांच्या नावावर आहे. मात्र ज्या गाण्याने त्यांना जगभर ओळख दिली, त्या 'रिस्पेक्ट'चा हिशेब काही वेगळेच सांगतो.

मूळ गाणे ओटिस रेडिंग यांचे. १९६५ मध्ये त्यांनीच ते लिहिले आणि गायले. त्यात कामावरून घरी परतणारा पुरुष मान मागतो. फ्रँकलिन यांनी १४ फेब्रुवारी १९६७ रोजी न्यूयॉर्कमध्ये ते ध्वनिमुद्रित केले, तेव्हा हीच मागणी स्त्रीच्या तोंडी आली. त्या शब्दाचे एकेक अक्षर सुटे करून उच्चारण्याची लकब मूळ गाण्यात नव्हतीच. जूनमध्ये ते बिलबोर्डच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचले. नागरी हक्क चळवळ आणि स्त्रीमुक्ती चळवळ, दोहोंनी ते आपले मानले.

असे असूनही अमेरिकेतील रेडिओ केंद्रांवर ते वाजले, की मोबदला मिळे तो गीताच्या हक्कदारांना, गायिकेला नाही. गायक-वादकांना काही देण्याचे बंधन तेथील एएम आणि एफएम केंद्रांवर नाही. गाणे वाजल्याने तबकड्या खपतात, हाच त्यांचा मोबदला, असा प्रसारकांचा जुना युक्तिवाद आहे. १९६७ साली त्यात तथ्य असेलही. तबकड्यांचा बाजार आटल्यावर तो लंगडा पडतो.

उपग्रह आणि इंटरनेट रेडिओवर कलाकारांना मोबदला मिळू लागला, पण फेब्रुवारी १९७२ पूर्वीची ध्वनिमुद्रणे त्या संघीय कायद्याच्या कक्षेबाहेर होती. फ्रँकलिन यांची सर्वाधिक गाजलेली गाणी नेमकी त्याआधीची. ही उणीव दूर करण्यासाठी २०१४ मध्ये मांडलेल्या विधेयकाचे नावही 'रिस्पेक्ट'च ठेवण्यात आले होते. ते बारगळले. अखेर ऑक्टोबर २०१८ मध्ये म्युझिक मॉडर्नायझेशन कायद्याने ती तरतूद झाली, त्यांच्या निधनानंतर दोन महिन्यांनी.

कृष्णवर्णीय कलावंतांची फसवणूक जवळून पाहिलेल्या पिढीच्या त्या प्रतिनिधी होत्या. मानधन रोख हाती आल्याखेरीज त्या मंचावर जात नसत आणि पर्स नजरेआड होऊ देत नसत, याची नोंद अनेकांनी केली आहे. यात लोभ पाहणे चुकीचे ठरेल. १९७० मध्ये अँजेला डेव्हिस यांच्या जामिनासाठी अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम भरण्याची तयारी याच फ्रँकलिन यांनी दर्शवली होती.

पैशाबाबत इतक्या दक्ष असलेल्या या गायिकेने रीतसर मृत्युपत्र मात्र केले नव्हते. कोचाच्या गादीखाली सापडलेल्या वहीतील २०१४ चा हस्तलिखित मजकूर मिशिगनमधील ज्यूरीने जुलै २०२३ मध्ये वैध ठरवला. एएम आणि एफएम केंद्रांनाही कलाकारांना मोबदला देणे भाग पाडणारे विधेयक २०२१ मध्ये अमेरिकी काँग्रेसमध्ये मांडले गेले. ते मंजूर झाले नाही. २०२५ मध्ये ते पुन्हा मांडण्यात आले.