शाळेचा पैसा कोणाचा?

"शेतकरी कर भरीत नाहीं, मग त्याच्या पोरांच्या शाळेवर सरकारनें किती म्हणून खर्च करावा?" असा सवाल शहाण्या मंडळींच्या तोंडून आम्हांस वारंवार ऐकूं येतो. आम्ही खेड्यांतले मास्तर. आम्हांला वाद येत नाहीं, पण हिशोब येतो. तोच आज मांडतों.

१८६० च्या दशकांत इंग्रज सरकारनें मुंबई इलाख्यांत शेतसाऱ्याच्या दर रुपयामागें एक आणा लोकल फंड बसविला. त्याचा एक तृतीयांश शाळांस, बाकीचा रस्त्यांस. खेड्यांतली शाळा ती अशी रयतेच्या घामावर उभी राहिली. १८८२ सालीं जोतीराव फुल्यांनीं हंटर कमिशनपुढें हेंच गाऱ्हाणें घातलें: महसूल रयतेच्या कष्टाचा, विद्येचा लाभ मात्र वरच्या वर्गांचा; तरी निदान बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचें करा. इंग्रज सरकारनें तें मनावर घेतलें नाहीं. कोल्हापुरांत शाहू महाराजांनीं १९१७ सालीं तें सक्तीचें व मोफत केलें.

आतां स्वराज्याचा हिशोब पाहा. केंद्र सरकारनें २००४ सालीं करांवर दोन टक्के शिक्षण उपकर बसविला, २००७ सालीं माध्यमिक व उच्च शिक्षणाच्या नांवानें आणखी एक टक्का. हा उपकर कारखान्यांतल्या मालावरहि असे. म्हणून २०१५ पर्यंत साबणाच्या वडीपासून मोटारसायकलपर्यंत प्रत्येक खरेदींत तुम्हीं आम्हीं तो भरला. त्यांतल्या शेवटच्या एका टक्क्याचे २०१६-१७ पर्यंत ऐंशी हजार कोटींवर रुपये जमले, तरी त्यासाठीं स्वतंत्र निधि चालूच झाला नव्हता, हें महालेखापालांनीं दाखविलें. शिवाय इतर करांप्रमाणें उपकराचा वाटा राज्यांस मिळत नाहीं. मोफत शाळेचा उपकार सांगणाऱ्यांनो, ही तर आयजीच्या जिवावर बायजी उदार झाली!

पण दोष सगळा दिल्लीचा नाहीं. २००९ च्या कायद्यानें शाळेच्या व्यवस्थापन समितींत तीन चतुर्थांश पालक बसविले, अनुदानाच्या खर्चावर नजर ठेवण्याचा हक्क त्यांना दिला. आणि आम्ही मास्तर काय करतों? कागद घेऊन बांधावर जातों, सही-अंगठा घेतों, परत येतों. ही आमची चूक आहे. आम्ही ती कबूल करतों.

शेतकरी-कारागीर बांधवांनो, भगिनींनो, पुढच्या सभेस औत सोडून, भाता थांबवून या. किती आले, कोठें गेले, असें आम्हांस तोंडावर विचारा. आम्हांस राग येणार नाहीं. भीक मागणारानें मान खालीं घालावी. तुम्ही तर आपल्याच पैशाचा हिशोब मागत आहां.