‘मागवून घ्या’ म्हणणाऱ्यांना

घरी पीसीबी, म्हणजे छापील सर्किटचा बोर्ड, करणं हा आता पोरखेळ झाला, असं एक जाणकार गृहस्थ जामखेडातल्या पोरांना हल्ली ठणकावून सांगत असतात. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: संगणकावर आराखडा काढा, गर्बर फाइल पाठवा, थोडी वाट पाहा, हिरवेगार, भोकं पाडलेले पाच बोर्ड स्वस्तात दारात हजर. छापलेल्या रेघा तांब्यावर उतरवणारी इस्त्री, तांबं कोरणारं फेरिक क्लोराइड, पिवळट डाग पडलेले शर्ट ही मागासलेपणाची लक्षणं. संपला युक्तिवाद. गृहस्थांचं सगळंच मागवलेलं असतं, मतंसुद्धा.

रसायन घातक आहे म्हणतात. आहेच. म्हणून वापरलेलं द्रावण मोरीत ओतायचं नाही. धुण्याचा सोडा घालून तांबं खाली बसवायचं आणि तो गाळ वेगळा साठवायचा. कारखान्यात तांबं काय गुलाबपाण्याने कोरतात? सफाई नसते म्हणतात. नसेना. मोटारीच्या स्टार्टरच्या पेटीत जाणाऱ्या बोर्डाला कुणाची दृष्ट लागणार आहे?

त्यांचा स्वस्ताईचा हिशेब मात्र मला सोडवत नाही. या हिशेबात बोर्डाची किंमत असते, पहिल्या आराखड्यातली चूक नसते. आणि पहिला आराखडा चुकतोच. बीसी ५४७ आणि साधा प्लास्टिकचा २२२२ हे ट्रान्झिस्टर दिसायला जुळे, पण पायांचा क्रम नेमका उलटा. आराखड्यातल्या रिलेचे पाय एकीकडे, नगरच्या दुकानातून आणलेल्या रिलेचे भलतीकडे. घरी केलेल्या बोर्डावर हे कळलं की ब्लेडने रेघ कापायची, वायरचा तुकडा टाकायचा, नाहीतर नवा ग्लॉसी कागद छापून इस्त्री तापवायची. रात्रीच्या जेवणाआधी दुसरा बोर्ड तयार. मागवलेले पाचही नग एकाच जागी, अगदी इमानाने चुकलेले येतात. पुन्हा फाइल, पुन्हा कुरियर, पुन्हा कस्टमची वाट. दोनदा असं झालं की पोरगं धास्तावतं आणि आराखडा पाठवायचंच बंद करतं. हा खर्च कुठल्या रकान्यात मांडायचा, गृहस्थांनी सांगावं.

शिवाय इथली गरज बहुधा एकाच नगाची असते. एखादी फेज गेली की मळ्यातली मोटार बंद करणारा सिंगल फेज प्रिव्हेंटर जळतो. शेतीची वीज येणार रात्रीच्या पाळीला, आणि कांदा काही पार्सलची वाट पाहत थांबत नाही. त्या जुन्या बोर्डाची गर्बर फाइल जगात कुणाकडे असणार? जळक्या बोर्डाच्या रेघा पाहून कॉपर क्लॅडवर, म्हणजे तांब्याचा थर असलेल्या पत्र्यावर, मार्करने नक्कल उतरवायची, ४१५ व्होल्टच्या रेघांमध्ये ऐसपैस अंतर सोडायचं आणि कोरायचं. रेघा जाड, भाग मोठे. घरच्या कामाला याहून सोयीचं काय? मागवले तर उरलेल्या चार नगांचं काय तोरण बांधायचं?

‘मोटार जळली की नवी घ्या, रिवाइंडिंगचा जमाना गेला’, हेही याच मंडळींनी ऐकवलं होतं. रिवाइंडिंगवाले अजून तांब्याची तार गुंडाळताहेत आणि ही मंडळी मोटार घेऊन त्यांच्याच दारात उभी असतात. असो.

पोरखेळाबद्दल म्हणाल, तर पॉल आइस्लर या इंजिनिअरने छापील सर्किटचा रेडिओ १९३६च्या सुमारास लंडनच्या हॅम्पस्टेडमध्ये राहत असताना केला. मागवायला तेव्हा दुकानच नव्हतं, बिचाऱ्याला.

मग करावं काय? दोन थरांचे, बारीक एसएमडी भागांचे, पक्के ठरलेले आणि पन्नास नग लागणारे बोर्ड खुशाल मागवा. पण विचार अजून कच्चा असेल, तोवर बोर्ड हाताशीच व्हावा. रसायन नकोच असेल, तर त्यालाही वाट आहे. शिरूर तालुक्यातल्या पाबळला विज्ञान आश्रमात २००२मध्ये फॅब लॅब सुरू झाली, एमआयटीबाहेरची पहिली. फॅब लॅबमध्ये छोट्या मिलिंग मशीनवर तांबं खरवडून बोर्ड करतात, रसायन नाहीच. काचेची धूळ फुप्फुसात जाऊ नये म्हणून काचतंतूऐवजी फिनॉलिक कागदाचा पत्रा घेतात. आणि जामखेडला हे नवं का वाटावं? डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७०मध्ये इथे सुरू केलेल्या आरोग्य प्रकल्पाच्या कार्यशाळेत जयपूर फूट बनतात. पाय ज्याचा त्याला बसवून पाहावा लागतो, म्हणून तो इथेच होतो.

तसं एक मिलिंग मशीन जामखेडच्या पोरांच्या हाती पडावं, एवढीच माझी मागणी. ‘पण ते मशीन तरी मागवावंच लागेल ना?’ असं गृहस्थ विचारतील. लागेल. एकदाच.