समोरची रिकामी खुर्ची

चार वर्षांपूर्वी एका महाविद्यालयाच्या माध्यम विभागाने विद्यार्थ्यांनी केलेल्या चित्रफितींचे परीक्षण करण्यासाठी मला बोलावले. मी मराठी साहित्याचा अध्यापक. चित्रपटाशी माझा संबंध केवळ प्रेक्षकाचा. 'तांत्रिक बाजू आम्ही पाहतो, तुम्ही कथनाच्या अंगाने पाहा,' असे मला सांगण्यात आले होते. विषय एकच होता : एका नव्या भयपटाची सुरुवात, श्रेयनामावलीसह, जास्तीत जास्त दोन मिनिटे. पाच गट होते आणि पाच फिती. त्यांपैकी एका गटाला मी सर्वांत कमी गुण दिले. तो निर्णय चुकला, असे आज माझे मत आहे. तो का चुकला हे शोधताना भयकथेच्या आरंभाविषयी आणि आपण साहित्य ज्या पद्धतीने शिकवतो तिच्याविषयी काही गोष्टी ध्यानात आल्या. त्या येथे मांडतो.

या स्वाध्यायाचे मूळ इंग्लंडमधले. तेथील ओसीआर या परीक्षा मंडळाच्या माध्यम अभ्यासाच्या ए-लेव्हल अभ्यासक्रमात २००८पासून सुमारे दशकभर हे काम सोळा-सतरा वर्षांच्या विद्यार्थ्यांना करावे लागे. नव्या कथापटाची श्रेयनामावली आणि आरंभ, मर्यादा दोन मिनिटे, दृश्ये आणि ध्वनी विद्यार्थ्यांनी स्वतः निर्मिलेले, अपवाद फक्त हक्कमुक्त संगीत आणि ध्वनिपरिणामांचा. कथापटाचा प्रकार मंडळाने ठरवून दिलेला नव्हता, तरी असंख्य विद्यार्थी भयपटाकडेच वळत. कारण उघड आहे. भयपटाला नट लागत नाहीत, किंकाळी लागते. नेपथ्य लागत नाही, अंधार पुरतो. शंभरांपैकी साठ गुण प्रत्यक्ष कृतीला, वीस संशोधन व नियोजनाला आणि वीस आत्मपरीक्षणाला असत. त्या आत्मपरीक्षणातला पहिला प्रश्न असा असे की, तुमच्या कृतीने प्रस्थापित कृतींचे संकेत कोठे वापरले, कोठे विकसित केले आणि कोठे आव्हानिले. प्रश्न चांगला आहे. पण परीक्षेतला पहिला प्रश्न ठाऊक असला की विद्यार्थी कृतीही त्या प्रश्नाच्या सोयीनेच करू लागतो.

आमच्याकडच्या फितींतही हेच दिसले. पहिल्या चार फितींमध्ये एकूण तीन जंगले, दोन मुखवटे, पाठीमागून धावणारा थरथरता कॅमेरा आणि रक्त ओघळणारी अक्षरे होती. रात्रीची दृश्ये मोबाइलच्या विजेरीवर घेतल्यामुळे चित्र दाणेदार झाले होते, आणि त्यालाच गटांनी 'वातावरण' म्हटले होते. प्रत्येक फितीत कोणीतरी धावत होते, अडखळत होते, मागे वळून पाहत होते आणि शेवटी किंचाळत होते. कोण धावते आहे, ती घरी गेली नाही तर कोणाला काळजी वाटेल, ती या जंगलात कशासाठी आली, यांतले काहीही आपल्याला कळत नव्हते. चौकटीत सतत भीती दिसत होती आणि पाहणारा मात्र शांत होता.

हे असे का होते, हे समजून घ्यायला साहित्याच्या विद्यार्थ्याला परदेशी सिद्धान्ताकडे धावण्याची गरज नाही. भरताने नाट्यशास्त्रात भयानक रसाची चर्चा करताना त्याच्या विभावांमध्ये अरण्य आणि ओसाड घर यांचा स्पष्ट समावेश केला आहे. तेव्हा जंगल निवडणारा विद्यार्थी काही चूक करतो असे नाही. तो दोन हजार वर्षांच्या संकेताला धरूनच चालतो. चूक पुढे होते. हातपाय थरथरणे, घसा कोरडा पडणे, स्वर बदलणे हे सगळे अनुभाव आहेत. पुढच्या काव्यशास्त्राने विभावाचे आलंबन आणि उद्दीपन असे दोन भाग केले. ज्याच्यामुळे भाव जागा होतो ते आलंबन आणि त्या भावाला चेतवणारा परिसर म्हणजे उद्दीपन. शिवाय तो भाव ज्याच्या ठायी वसतो तो आश्रय. या चार फितींमध्ये उद्दीपन भरपूर होते आणि अनुभावांची रेलचेल होती. पण आलंबन धूसर होते आणि आश्रय तर जवळजवळ नव्हताच. धावणारी ती आकृती म्हणजे कोणी व्यक्ती नव्हती. अनुभाव दाखवण्यासाठी उभे केलेले ते एक शरीर होते. अशा ठिकाणी रसनिष्पत्ती होत नाही, फक्त भीतीची माहिती मिळते.

विद्यार्थी ज्या चित्रपटांचे ऋण सांगतात, ते स्वतः असे वागत नाहीत. जॉन कार्पेंटरच्या 'हॅलोवीन'चा (१९७८) आरंभ प्रत्येक गटाच्या टिपणात होता. मारेकऱ्याच्या डोळ्यांतून घेतलेले ते दीर्घ, सलग भासणारे दृश्य सर्वांना हवे असते. पण ते दृश्य घराच्या मागच्या दाराने स्वयंपाकघरात शिरते, दिवा लागतो, खण उघडतो आणि एक हात रोजच्या वापरातली सुरी उचलतो, हे कोणी घेत नाही. शेवटी मुखवटा निघतो आणि खाली सहा वर्षांचे मूल निघते. समोर त्याचे आईवडील उभे असतात. भीती आहे ती या घरगुतीपणाची. कॅमेऱ्याची चाल हे तिचे वाहन आहे.

जॉर्ज रोमेरोचा 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' (१९६८) तर दिवसाउजेडी सुरू होतो. बहीणभाऊ वडिलांच्या थडग्यावर हार ठेवायला दूरवर गाडीने आले आहेत आणि भावाची कुरकुर चालली आहे की दरवर्षी एवढा प्रवास कशाला. मागे दूर एक माणूस चालताना दिसतो. तो स्मशानात आलेला आणखी एक कोणी असावा, असे आपल्याला वाटते आणि आपण पुन्हा त्या दोघांच्या भांडणाकडे वळतो. 'द ब्लेअर विच प्रोजेक्ट' (१९९९) हा तर चित्रपट करायला निघालेल्या तीन विद्यार्थ्यांचाच चित्रपट. ते बेपत्ता झाले आणि त्यांचे चित्रण वर्षभराने सापडले, एवढे आरंभीच्या पाटीवर सांगितले जाते. त्यानंतर आपण त्यांना दुकानात खाऊ विकत घेताना पाहतो. ती पाटी वाचलेल्या प्रेक्षकाला ती खरेदी पाहवत नाही.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. सूचक ते श्रेष्ठ आणि उघड ते कनिष्ठ, अशी सुसंस्कृत अभिरुचीची बाजू मी मांडत नाही. 'जॉज'च्या (१९७५) पहिल्याच प्रसंगात एक तरुणी ओरडत, हिसके खात मरते. त्यात संयम नाही. पण त्याआधी किनाऱ्यावरची शेकोटी आहे, नजरानजर आहे आणि तिच्या मागे धावत येऊन दारूच्या नशेत वाळूवरच झोपी गेलेला तरुण आहे. ती पाण्यात ओरडते तेव्हा तो झोपलेला असतो. हे नाते, कितीही क्षणिक असले तरी, आधी उभे राहते आणि मग तुटते.

आपल्याकडचेच उदाहरण द्यायचे तर नारायण धारपांच्या कथेतून बीज घेतलेल्या आणि पेंडसे यांच्या कादंबरीतले गावाचे नाव धारण करणाऱ्या 'तुंबाड'चे (२०१८) द्यावे लागेल. त्याच्या १९१८ सालातल्या पहिल्या भागात पुराणकथा आहे, पाऊस आहे, वाडा आहे. पण मनात रुतून बसते ते एक घरकाम : घरात कोंडलेल्या म्हातारीला जेवू घालणे. ते काम रोजचे आहे, हीच त्यातली भयंकर गोष्ट आहे.

आता पाचव्या फितीकडे येतो. भाड्याची एक खोली. कुलूप उघडण्याचा आवाज. एक बाई आत येते, चप्पल काढते, दुधाची पिशवी पातेल्यात ठेवते आणि टेबलाशी बसते. समोर दुसरी खुर्ची. तिच्या पाठीवर घडी घातलेला पंचा. बाई म्हणते, 'आज उशीरच झाला.' थांबते. मग विचारते, 'जेवलात का?' त्यानंतर दृश्य बदलते. आता कॅमेरा त्या रिकाम्या खुर्चीच्या जागी आहे, बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर, आणि तिच्याकडे पाहतो आहे. खोलीभर चाललेली फ्रिजची घरघर याच क्षणी थांबते. बाई ऐकते, मान डोलावते आणि उठून ताट घेते. एक ताट. फीत संपते.

मी शेरा लिहिला, 'भयपटाचे संकेत पुरेसे नाहीत. कौटुंबिक चित्रपटाची सुरुवात वाटते.' चर्चेच्या वेळी त्या गटातील एका मुलीने विचारले, 'सर, तुम्ही घाबरला नाहीत का?' मी म्हणालो, 'प्रश्न घाबरण्याचा नाही, निकषांचा आहे.'

पुढे मला कळले की इंग्लंडमधल्या त्या अभ्यासक्रमात मुख्य कामाआधी एक पूर्वतयारीची कृती असे. एका पात्राने दार उघडायचे, खोली ओलांडायची, दुसऱ्या पात्रासमोर खुर्चीत बसायचे आणि दोघांनी एकदोन वाक्ये बोलायची. एवढेच. यातून तीन गोष्टी साधायच्या : एक हालचाल दोन शॉटमध्ये न तुटता जोडणे, बोलणाऱ्या दोघांचे आलटून पालटून शॉट घेणे, आणि दोघांमधली काल्पनिक रेषा न ओलांडण्याचा १८० अंशांचा नियम पाळणे. विद्यार्थी ही कृती कंटाळत उरकत आणि मग जंगलात पळत. आमच्या विभागातील अध्यापिकेनेही ती सर्व गटांकडून करून घेतली होती. पाचव्या गटाने तीच कृती भयपट म्हणून सादर केली, फक्त दुसरे पात्र काढून टाकले.

त्यांनी काय केले ते पाहा. समोरासमोरच्या संभाषणात दुसऱ्या बाजूने घेतलेला शॉट म्हणजे तेथे कोणीतरी बसले आहे याची चित्रपटाच्या व्याकरणाने दिलेली ग्वाही असते. माणूस काढून घेतला आणि शॉट तसाच ठेवला, तर व्याकरण ग्वाही देतच राहते. भूत तयार होते ते तेथे. रंगभूषेचा एक पैसाही न लागता. आणि मराठीने त्यांना आणखी एक गोष्ट फुकट दिली. 'जेवलास' नव्हे, 'जेवलात'. या एका प्रत्ययाने खुर्चीतला माणूस वडील, सासरे किंवा नवरा, पण मान देण्याजोगा कोणी, असा ठरून जातो. आलंबन सिद्ध होते आणि आश्रयही. इंग्रजीत हे एका शब्दात साधले नसते. फ्रॉइडने १९१९च्या आपल्या निबंधात घरगुती या अर्थाचा जर्मन शब्द गुप्त, झाकलेले या अर्थाकडे कसा सरकतो हे दाखवले आहे. त्या मुलांनी तो निबंध वाचला नसावा. त्यांना पंचा सुचला.

या स्वाध्यायावर एक आक्षेप मात्र रास्त आहे. ज्याच्यामागे चित्रपटच नाही असा आरंभ करणे म्हणजे न फेडायचे कर्ज काढणे. मुखवटा कोणाचा, हे कधीच सांगावे लागणार नसेल तर कोणताही मुखवटा चालतो. म्हणून माझी सूचना अशी, की प्रत्येक गटाने चित्रफितीसोबत एक पान लिहून द्यावे : चाळिसाव्या मिनिटाला काय घडते? ज्याला ते पान लिहिता येत नाही त्याने दार उघडू नये.

दुसरी सूचना आपल्यासाठी, म्हणजे अध्यापकांसाठी आहे. कथेची वैशिष्ट्ये, कवितेची वैशिष्ट्ये, अमुक प्रवाहाची लक्षणे अशा याद्या आपण फळ्यावर लिहितो आणि विद्यार्थी त्या उत्तरपत्रिकेत उतरवतात. संकेतांचे ज्ञान आवश्यक आहे. ते नसते तर पाचव्या गटालाही समोरचा शॉट वापरता आला नसता. पण संकेत हे परिणामाचे साधन असते आणि परिणामाची नोंद आधी व्हायला हवी. परीक्षकाने प्रथम लिहावे की मी घाबरलो की नाही, हसलो की नाही, मला पुढे वाचावेसे वाटले की नाही. मग कारणे शोधावीत, आणि संकेतांची यादी सर्वांत शेवटी काढावी. मी क्रम उलटा लावला. यादीत न बसणाऱ्या अनुभवाला मी अनुभवच मानले नाही, आणि एका विद्यार्थिनीच्या सरळ प्रश्नाला बगल दिली.

ते गुण आता बदलता येणार नाहीत आणि तो गट कधीच महाविद्यालयातून बाहेर पडला आहे. तिच्या प्रश्नाचे उत्तर मात्र देणे राहिले होते. हो, मी घाबरलो होतो.