विश्लेषण : पक्षाघातानंतर ताठरलेला हात पुन्हा कामाला लागतो का? उपचार घरी आल्यावरच का थांबतात?

पक्षाघाताचा झटका आल्यास साडेचार तासांच्या आत रुग्णालय गाठावे, याविषयी आता बरीच जागृती झाली आहे. रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन याच मुदतीत देता येते, हेही अनेकांना ठाऊक असते. मात्र जीव वाचून रुग्ण घरी आल्यावर पुढच्या काही महिन्यांत काय करायचे, याची पुरेशी माहिती कुटुंबाला मिळत नाही. सरकारी योजनांतही त्याचा पुरेसा विचार दिसत नाही. रुग्ण काठी टेकत चालू लागतो, पण हात छातीशी दुमडलेला आणि मूठ आवळलेलीच राहते. ‘आता एवढेच’ म्हणून घर ते स्वीकारते. हे स्वीकारणे बरेचदा घाईचे असते.

हात ताठर का होतो?

झटक्यानंतर सुरुवातीला हात लुळा पडतो. काही दिवसांत किंवा आठवड्यांत तोच हात अनेकांमध्ये कडक होऊ लागतो. स्नायू ताणला गेला की तो आकुंचन पावतो, ही मज्जारज्जूतील प्रतिक्षिप्त क्रिया असते आणि एरवी मेंदू तिला लगाम घालतो. मेंदूचा तो भाग दुखावला की लगाम सुटतो. म्हणूनच असा हात झटकन ओढला तर जास्त अडतो आणि सावकाश उघडला तर थोडा सैल पडतो. याला ‘स्पॅस्टिसिटी’ म्हणतात. अंदाजे २५ ते ४० टक्के रुग्णांत ती दिसते. खांदा अंगाशी चिकटतो, कोपर दुमडते, मनगट खाली वळते आणि बोटे तळव्यात रुततात. हात बराच काळ त्याच अवस्थेत राहिला तर स्नायू आखूड होतात आणि सांधा आवळतो. हा दुसरा टप्पा उलटवणे फार कठीण असते, म्हणून पहिल्या टप्प्यातच काम व्हायला हवे.

फिजिओथेरपी नेमके काय करते?

तिची कामे दोन. पहिले म्हणजे सांधे मोकळे ठेवणे, खांद्याला आधार देणे, हात योग्य स्थितीत ठेवणे. दुसरे आणि अधिक महत्त्वाचे म्हणजे मेंदूला हालचाल नव्याने शिकवणे. मेंदूचा शाबूत भाग हरवलेले काम काही प्रमाणात उचलू शकतो, पण त्यासाठी रुग्णाने स्वतः प्रयत्न करून तीच हालचाल पुन्हा पुन्हा करावी लागते. दुसऱ्याने हात हलवून दिल्याने सांधा मोकळा राहतो, मेंदू मात्र फारसे शिकत नाही. शिवाय, हालचाल कामाशी जोडलेली हवी : पेला उचलणे, सदऱ्याचे बटण लावणे, टॉवेलने टेबल पुसणे.

इथे संख्येला महत्त्व आहे. प्राण्यांवरील प्रयोगांत मेंदूत बदल दिसायला रोज शेकडो आवर्तने लागली. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत मात्र थेरपीच्या एका सत्रात हाताची कामाशी निगडित आवर्तने सरासरी अवघी ३२ भरली. मनगट व बोटे थोडी तरी हलत असतील, तर चांगला हात दिवसातील बहुतांश वेळ हातमोज्यात अडकवून दुर्बळ हाताकडूनच कामे करून घेण्याची पद्धत उपयोगी पडते. २००६ मधील ‘एक्साइट’ चाचणीत झटक्यानंतर तीन ते नऊ महिन्यांनी ही पद्धत वापरूनही सुधारणा दिसली. पहिल्या तीन महिन्यांत सुधारणेचा वेग सर्वाधिक असतो हे खरे, पण ‘सहा महिने झाले, आता काही होणार नाही’ हा समज चुकीचा आहे.

चेंडू दाबणे, मालिश, कप्पी : कितपत योग्य?

घरोघरी हातात रबरी चेंडू दिला जातो. मात्र मूठ आधीच आवळलेली असेल, तर अडचण मूठ मिटण्याची नसून उघडण्याची असते. मालिशने आराम वाटतो, हालचाल परतत नाही. नुसते ताण देऊन सांध्याची हालचाल फारशी वाढत नाही, असे २०१७ च्या ‘कोक्रेन’ आढाव्यातही दिसले. डोक्यावरच्या कप्पीला दोरी लावून दुर्बळ हात वर ओढणे किंवा रुग्णाला उठवताना त्या हाताला धरून ओढणे, याने खांदा दुखावतो आणि मग रुग्ण हात हलवायलाच घाबरतो.

बोटॉक्सचे इंजेक्शन ताठरपणा सुमारे तीन महिने कमी करते. त्याने ताकद येत नाही, व्यायामाला संधी मिळते. त्या काळात व्यायाम झालाच नाही, तर खर्च जवळजवळ वाया जातो.

सुरुवात कधी? आणि किती?

लवकर, पण अतिघाईने नव्हे. पाच देशांतील २,१०४ रुग्णांवरील ‘अॅव्हर्ट’ चाचणीत (२०१५) पहिल्या २४ तासांतच रुग्णाला जास्त प्रमाणात उठवण्या-चालवण्याचा परिणाम उलट कमी चांगला आढळला. प्रकृती स्थिरावल्यावर मात्र वेळ दवडू नये. ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेने २०२३ मध्ये आठवड्यातून किमान पाच दिवस, रोज किमान तीन तास पुनर्वसनाची शिफारस केली. त्यात फिजिओथेरपी, ऑक्युपेशनल थेरपी आणि वाचा-उपचार असे सगळे येते. आपल्याकडे आठवड्यातून दोनदा अर्धा तास मिळाला तरी नशीब मानतात.

हे काम घरच्यांवर सोपवता येईल का?

थेरपिस्ट कमी असल्याने कुटुंबीयांनाच शिकवावे, ही कल्पना आकर्षक वाटते. भारतातच तिची मोठी चाचणी झाली. १४ रुग्णालयांतील १,२५० रुग्णांवरील ‘अटेंड’ चाचणीचे निष्कर्ष २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले. कुटुंबीयांना प्रशिक्षण दिलेल्या आणि नेहमीचे उपचार मिळालेल्या अशा दोन्ही गटांत सहा महिन्यांनी मृत्यू वा परावलंबित्वाचे प्रमाण जवळपास सारखेच निघाले. याचा अर्थ घरच्यांची मदत निरुपयोगी आहे, असा नव्हे. सराव घरीच होणार आहे. पण कोणता व्यायाम, किती आणि कधी बदलायचा, हे ठरवणारा प्रशिक्षित माणूस मागे असायलाच हवा. ती जबाबदारी सून, मुलगी किंवा पत्नीच्या गळ्यात टाकून व्यवस्थेला मोकळे होता येणार नाही.

मग करायचे काय?

आयुष्मान भारत योजनेत रुग्णालयातून सोडल्यानंतरच्या १५ दिवसांपर्यंतचे उपचार धरलेले आहेत. हात ताठरू लागतो तो बहुधा त्यानंतर. म्हणजे जीव वाचवण्याचा खर्च सरकार उचलते आणि त्या जिवाने पुन्हा कमवावे, स्वतःच्या हाताने जेवावे यासाठीचा खर्च कुटुंबावर पडतो. पक्षाघाताच्या पॅकेजमध्ये किमान तीन महिन्यांची फिजिओथेरपी व ऑक्युपेशनल थेरपी समाविष्ट करणे, उपजिल्हा रुग्णालयांत थेरपिस्टची पदे निर्माण करून ती भरणे, घरी सोडताना औषधांच्या चिठ्ठीसोबत व्यायामाचा लेखी आराखडा व पुढील तपासणीची तारीख देणे, आणि दूरच्या गावांतील रुग्णांना आरोग्य केंद्रातून व्हिडीओवर थेरपिस्टशी जोडणे, एवढे तरी लगेच करता येण्याजोगे आहे.

कुटुंबांनीही घरी जाण्यापूर्वी एक प्रश्न आवर्जून विचारावा : ‘हाताचे व्यायाम कोण शिकवणार आणि पुन्हा कधी दाखवायचे?’ त्याचे उत्तर मिळाल्याशिवाय डिस्चार्जचा कागद पूर्ण झाला असे मानू नये.