शिक्क्याचे चार श्रेयांक

नव्या शैक्षणिक धोरणावर लिहायचं बरेच दिवस मनात होतं. लिहून काय होणार, असं वाटून टाळत होतो. पण परवा पुण्याच्या भाच्याने फोनवर ऐकवलं, "मामा, आता बी.ए.च्या पोरांना काहीही शिकता येतं. इतिहासाबरोबर कॉम्प्युटर, मराठीबरोबर कॉमर्स. तुमच्या वेळी होतं का असं?"

नव्हतं बाबा. आमच्या वेळी तीन विषय होते आणि तीन विषयांना तीन प्राध्यापक होते.

धोरण जुलै २०२०चं. महाराष्ट्रात ते स्वायत्त महाविद्यालयांत आणि विद्यापीठांच्या विभागांत २०२३-२४ पासून आलं, संलग्न महाविद्यालयांत पदवीला २०२४-२५ पासून. आम्ही केजवाले डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या हद्दीतले. मुख्य विषय, दुय्यम विषय, दुसऱ्या शाखेतला एखादा खुला विषय, शिवाय कौशल्याचा, मूल्यांचा, भारतीय ज्ञानपरंपरेचा... असे तीन वर्षांत १२० ते १३२ श्रेयांक जमवायचे. कागद वाचून मला स्वतःलाच पुन्हा प्रवेश घ्यावासा वाटला. (सौ. म्हणाली, "फी कोण भरणार?")

पण 'निवड' हा शब्द जरा तपासून घेऊ. प्राध्यापकांच्या जागा वर्षानुवर्षं रिकाम्या आहेत, शिकवणारे तासिका तत्त्वावर. जिथे मुख्य विषयालाच पक्का माणूस नाही, तिथे दुसऱ्या शाखेचा विषय कोण शिकवणार? त्या वेळेला जो रिकामा असेल तो. मुलाने विषय निवडला असं आपण म्हणायचं, प्रत्यक्षात तो वेळापत्रकाने ठरवलेला असतो.

आता करिअरकडे वळू. एम.ए.च्या पहिल्याच वर्षी चार श्रेयांकांचं प्रत्यक्ष कामावरचं प्रशिक्षण आहे. म्हणजे १२० तास. माझ्या ओळखीची एक मुलगी मराठीत एम.ए. करते. आईवडील दिवाळी झाली की ऊसतोडीला जातात, ही आजीजवळ राहून शिकली. ती येऊन म्हणाली, "गुरुजी, तुमच्या ओळखीचं कुणी शिक्का मारून देईल का?" मला तिचा राग आला नाही. केजमध्ये तिने हे १२० तास काढायचे कुठे? झेरॉक्सच्या दुकानात? सेतू केंद्रात? बँकेत तिला कोण उभं करणार? शेवटी एका दुकानदाराने सही-शिक्का दिला. श्रेयांक मिळाले. काम मिळालं नाही, आणि शिकणंही झालं नाही.

हे नवीन आहे असं तरी म्हणू नका. कोठारी आयोगाने (१९६४-६६) कार्यानुभव सांगितला होता. शाळेत आम्ही तो 'शिकवला'. साठ मुलं आणि खडू पाडायचा साचा एक! १९९४-९५ला विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवीला व्यवसायाभिमुख विषय जोडले, दहाव्या पंचवार्षिक योजनेत (२००२-०७) त्यांचं नाव करिअर ओरिएंटेड झालं. दर दहा-पंधरा वर्षांनी पाटी रंगवून होते. आत माणूस नेमायचा राहतो.

मी आंतरविद्याशाखीय शिक्षणाच्या विरोधात आहे असा समज करून घेऊ नका. उलट मला ते खरंखुरं हवं आहे. इथून तासाभरावर अंबाजोगाई. दासोपंतांनी पंचीकरण कापडावर लिहिलं, ती पासोडी तिथली. मराठीच्या मुलाने तिची अक्षरं वाचावीत, रसायनाच्या मुलाने शाई तपासावी, इतिहासाच्या मुलाने कापड कुठून येत असेल ते शोधावं. नाहीतर आमच्याच तालुक्यातलं धनेगावचं मांजरा धरण घ्या. ते कोरडं पडलं आणि एप्रिल २०१६मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं. पाऊस, ऊस, साखरेचं राजकारण आणि बायकांच्या डोक्यावरचा हंडा हे सगळं त्या एका धरणात आहे. ते एका विषयात बसतच नाही.

आणि २०१९ची गोष्ट. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी करायला सरकारला समिती नेमावी लागली. सुमारे ८२ हजार बायकांची पाहणी झाली, त्यांत १३ हजारांहून अधिक जणींच्या शस्त्रक्रिया झालेल्या निघाल्या. वैद्यक, अर्थशास्त्र, कायदा, मुकादमाची उचल, सगळं एकत्र आलेला याहून मोठा विषय मला कुणी दाखवावा. तो ज्यांच्या घरचा आहे त्या मुली आपल्याच वर्गात बसल्यात, आणि आपण त्यांना दुकानाचा शिक्का आणायला पाठवतो.

भाचा म्हणतो, इंडस्ट्रीला लागणारी मुलं तयार व्हायला हवीत. जाऊ दे की ज्याला जायचं त्याला. पण पुण्याला पाठवणं एवढंच करिअर असेल तर महाविद्यालय कशाला, आमचं बसस्टँड पुरे आहे.

असो. विद्यापीठाकडे माझं मागणं फार नाही. आधी रिकाम्या जागा भरा. मग त्या १२० तासांत मुलांना ग्रामपंचायतीच्या दप्तरात, सरकारी दवाखान्याच्या नोंदवहीत, कालव्याच्या पाणीपाळीच्या हिशेबात बसवा. उसाच्या फडावरून परतलेल्या बायांचं म्हणणं त्यांच्याच बोलीत उतरवून घेऊ द्या, हे मराठीच्या एम.ए.चंच काम आहे. प्राध्यापकाने ते वाचून सही करावी. शिक्का हवाच असेल तर ग्रामसेवकाचा घ्या.