तीन दिवस, नऊ गावे?

मध्य अमेरिकेतल्या ग्वातेमाला देशात आतितलान नावाचे एक सरोवर आहे. समुद्रसपाटीपासून दीड हजार मीटरहून थोडे वर, डोंगरांच्या कड्यांनी वेढलेले. दक्षिणेला तीन ज्वालामुखी उभे आणि काठाकाठाने डझनभर गावे. अमेरिकेत राहणारा माझा भाचा डिसेंबरच्या सुट्टीत तिकडे जाणार आहे. त्याने आखलेला बेत मला पाठवला : तीन दिवस, नऊ गावे. सकाळी एक, दुपारी एक, संध्याकाळी एक. खाली एकच ओळ, ‘कसा वाटतो?’ मला जे वाटले ते त्याला कळवलेच. पण आपल्याकडची बरीच मंडळीही आता अशा आडवाटेच्या सहली आखू लागली आहेत, म्हणून इथेही लिहितो.

माझे म्हणणे साधे आहे. नऊपैकी सहा गावे खोडावीत. उरलेल्या तिनांत तीन दिवस घालवावेत. वेळ कमी पडेल हे त्याचे एक कारण झाले. पण खरे कारण त्या सरोवराच्या घडणीतच आहे.

ज्वालामुखीचे सरोवर म्हटले की शंकूच्या टोकावरच्या खळग्यात साठलेले पाणी आपल्या डोळ्यांसमोर येते. आतितलान तसे नाही. पंच्याहत्तर ते चौऱ्याऐंशी हजार वर्षांपूर्वी इथे एक महास्फोट झाला. जमिनीखालचा लाव्हा इतका बाहेर फेकला गेला की वरचे छप्परच आत कोसळले. अशा खड्ड्याला भूगोलात ‘कॅल्डेरा’ म्हणतात. स्पॅनिशमध्ये त्याचा अर्थ मोठी कढई, आपली गुळाची काहील म्हणा ना! त्या काहिलीत पाणी साठले आणि तिच्या दक्षिण अंगाला पुढे सान पेद्रो, तोलिमान आणि आतितलान हे ज्वालामुखी वाढले. यांतला आतितलान सर्वांत उंच, 3,535 मीटर. तो शेवटचा जागा झाला 1853 साली. (जाता जाता : आपले लोणार ज्वालामुखीचे असे पुष्कळ जण समजतात. खडक तिथला ज्वालामुखीचा खरा, पण खड्डा पडला तो उल्केच्या आघाताने. असो.)

सरोवराचा विस्तार सुमारे 130 चौरस किलोमीटर, खोली तीनशे मीटरहून जास्त. आणि महत्त्वाची गोष्ट ही की या सरोवरातून एकही नदी बाहेर पडत नाही. पाणी जाते ते जमिनीखालच्या भेगांतून, नाहीतर वाफ होऊन. 4 फेब्रुवारी 1976 च्या भूकंपात तळाला नवी भेग पडली आणि महिनाभरात पाणी दोनेक मीटर उतरले. उलट अतिवृष्टीच्या वर्षांनंतर ते असे चढते की काठावरची घरे, धक्के आणि शेते पाण्यात जातात. म्हणजे जे या काहिलीत पडले ते बहुतेक काहिलीतच राहिले. पाहुण्याने आणलेलेसुद्धा.

याची एक करुण कथा आहे. या सरोवरात ‘पोक’ नावाचा पाणपक्षी होता. जगात दुसरीकडे कुठेही नव्हता. धड उडता न येणारा, काठच्या लव्हाळ्यांत घरटे करणारा. 1958 साली पर्यटकांना हौसेने गळ टाकता यावा म्हणून सरोवरात बास जातीचा परका मासा सोडण्यात आला. त्याने तिथले लहान मासे आणि खेकडे फस्त केले, पक्ष्यांची पिल्लेही गिळली. 1960 च्या दशकाच्या मध्याला शंभराच्या आत पोक उरले. मग संरक्षण झाले, संख्या थोडी वाढली. पुढे भूकंपाने पाणी उतरले, लव्हाळी सुकली आणि 1990 च्या सुमारास तो पक्षी नामशेष झाल्याचे जाहीर झाले. कुणी त्याला मारायला आले नव्हते. पाहुण्यांची सोय पाहिली, एवढेच!

हे वाचताना गोवेकराला आपले काही आठवत नसेल तर नवल. आपण पिढ्यान्‌पिढ्या यजमान आहोत. ‘दोन दिवसांत अख्खा गोवा’ करणाऱ्या बसेस आपण पाहतो. देवळाच्या अग्रशाळेत डोकावून, तळीपाशी फोटो काढून, वीस मिनिटांत पुढच्या देवळाकडे धावणारे लोक आपण पाहतो. ते वाईट नसतात, पण त्यांना काही दिसलेले नसते. मागे उरतो तो त्यांचा कचरा आणि आपल्या गावाबद्दलची त्यांची एक-दोन चुकीची मते. हा अनुभव गाठीशी असलेला माणूस स्वतः पाहुणा होतो तेव्हा त्याने निराळे वागायला हवे, असे मला वाटते. नाहीतर आपली तक्रार ती कसली?

चुकीच्या मतांवरून आठवले. आतितलानच्या काठची गावे येशूच्या बारा शिष्यांच्या नावांची आहेत असे सहल विकणारे हमखास सांगतात. यादी वाचली तरी कळेल. सांता कातारिना, सांता क्रूस, सान आंतोनियो, सान मार्कोस, सान लुकास, सान पाब्लो... यांतले बारांपैकी कोण? ज्यांना ख्रिस्ती संतांची नावे घरोघरी ऐकून पाठ आहेत अशा गोवेकराला तरी ही थाप खपू नये. पण थाप टिकते, कारण नऊ गावे धावत पाहणाऱ्याला गावाचे नाव तपासायला सवड नसते.

आता खोडून उरलेला बेत सांगतो. दिवस बुधवार, गुरुवार, शुक्रवार असे धरावेत. का ते पुढे येईल.

आधी पाण्याचा स्वभाव. या गावांमधली ये-जा मुख्यतः होड्यांनी होते. ‘लांचा’ म्हणतात त्यांना. सकाळी सरोवर आरशासारखे असते. दुपारच्या सुमारास दक्षिणेकडून ‘शोकोमिल’ नावाचा वारा उठतो आणि लाटा होडीला आपटू लागतात. म्हणून मोठा प्रवास सकाळीच उरकावा आणि दुपारी जिथे असू तिथेच राहावे. बहुतेक होड्या संध्याकाळी पाचनंतर मिळत नाहीत. दुपारी आणि संध्याकाळी गाव बदलणारा भाच्याचा बेत इथेच बुडतो. डिसेंबर मात्र त्याने नेमका निवडला. नोव्हेंबर ते एप्रिल हे तिथले कोरडे महिने.

बुधवार सांतियागो आतितलानला द्यावा. काठावरचे हे मोठे गाव त्सुतुहील या माया लोकांची जुनी राजधानी. 1524 साली पेद्रो दे आल्वारादोने काकचिकेल लोकांची मदत घेऊन त्यांना हरवले. आपल्याकडे आफोंसो द आल्बुकेर्क येऊन तेव्हा चौदा वर्षे झाली होती. गावातले मोठे चर्च 1547 चे. पण या गावाचा दुसरा एक मानकरी चर्चच्या बाहेर राहतो. त्याचे नाव माशिमोन. लाकडी मूर्ती, अंगावर रुमालांचे थर, डोक्यावर टोपी, तोंडात चिरूट. भाविक त्याला दारू वाहतात, मेणबत्त्या लावतात, गाऱ्हाणी घालतात. तो एका ‘कोफ्रादिया’च्या घरी असतो आणि दर वर्षी मुक्काम बदलतो. परदेशी पर्यटक त्याच्याकडे गंमत म्हणून पाहतात.

आपल्याला ती गंमत वाटायचे कारण नाही. कोफ्रादिया म्हणजेच आपल्या इगर्जीतली ‘कॉन्फ्रारिया’. संस्था तीच, नावही तेच. फरक इतकाच की तिथे माया लोकांनी चर्चची ती चौकट घेतली आणि तिच्या आत आपला जुना देव सांभाळला. आपल्या पूर्वजांनी त्याच शतकात देव पालखीत घालून नदीपलीकडे अंत्रुजात नेले. संकट एकच, वाटा दोन. ज्याच्या कुलदेवतेने गाव बदलले आहे त्याने माशिमोनपुढे टोपी काढून बसावे, दक्षिणा ठेवावी आणि विचारल्याशिवाय फोटो काढू नये.

याच गावात आणखी एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. ग्वातेमालात 1960 ते 1996 यादवी युद्ध चालले. ओक्लाहोमाहून आलेले स्टॅनली रोदर हे धर्मगुरू 1968 पासून इथे होते. नव्या कराराच्या त्सुतुहील अनुवादाच्या कामात त्यांचा हात होता. 28 जुलै 1981 रोजी त्यांना चर्चच्या निवासातच मारण्यात आले. देह मायदेशी गेला, हृदय गावकऱ्यांनी ठेवून घेतले. जुन्या गोव्याला जाणाऱ्यांना याचा अर्थ सांगायला नको. 2 डिसेंबर 1990 रोजी गावाशेजारच्या पानाबाह इथे नि:शस्त्र जमावावर लष्कराने गोळीबार केला, त्यात 13 माणसे गेली. गावाने माघार घेतली नाही; लष्कराची छावणीच गावातून हलवायला लावली. त्याच पानाबाहवर ऑक्टोबर 2005 मध्ये स्टॅन वादळात ज्वालामुखीच्या उतारावरून चिखलाचा लोंढा आला आणि शेकडो माणसे गाडली गेली. एवढे सोसलेल्या गावाला सकाळचे दोन तास द्यायचे?

गुरुवारी सकाळच्या होडीने सान पेद्रोला उतरून शेजारच्या सान हुआनला जावे. इथे बायकांच्या विणकामाच्या सहकारी संस्था आहेत. सूत रंगवतात ते झाडपाल्याच्या, सालींच्या, मुळांच्या रंगांत. माग कमरेचा; एक टोक खांबाला, दुसरे विणणारीच्या कमरेला. बायकांच्या अंगातल्या झग्याला ‘वीपील’ म्हणतात आणि त्याच्या नक्षीवरून बाई कोणत्या गावची ते जाणकाराला ओळखता येते. असा एक हातविणीचा वीपील व्हायला महिने लागतात. तेव्हा घासाघीस जपून. आपल्या बाजारात भाजीवालीशी दोन रुपयांवरून हुज्जत घालण्याची सवय घरी ठेवून जावी. रात्रीचा मुक्काम इथेच, कुणाच्या घरगुती खोलीत करावा. मग पैसे गावात राहतात आणि संध्याकाळ गावाबरोबर काढता येते.

भाषेचेही पाहावे. सरोवराच्या दक्षिण आणि पश्चिम काठावर त्सुतुहील, उत्तर आणि पूर्व काठावर बहुतांशी काकचिकेल. या एकाच कुळातल्या, पण वेगळ्या भाषा. ग्वातेमालात अशा 22 माया भाषा आहेत. 2003 च्या कायद्याने त्यांना राष्ट्रीय भाषा म्हणून मान दिला, पण राजभाषा स्पॅनिश ती स्पॅनिशच. त्यांना ‘बोली’ म्हणून झटकून टाकणारे तिथेही आहेत. मायबोली एक आणि दरबाराची भाषा दुसरी, म्हणजे काय ते आपल्याला कुणी शिकवायला नको. स्पॅनिशचे चार शब्द शिकून जावेत, आणि दोन शब्द यजमानाच्या भाषेतलेही. त्सुतुहीलमध्ये आभार मानताना ‘माल्त्योश’ म्हणतात, काकचिकेलमध्ये ‘मात्योश’. एवढ्याने काही क्रांती होत नाही; पण समोरचा माणूस हसून बोलू लागतो.

शुक्रवारी पानाहाचेलला परतून वर सोलोलाला चढावे. तिथला बाजार मंगळवारी आणि शुक्रवारी भरतो. आसपासचे शेतकरी कांदे, गाजरे, कोंबड्या, सूत घेऊन येतात. पर्यटकांसाठी मांडलेले फार थोडे. पुरुषही अजून पारंपरिक वेषात दिसतात. आपला म्हापशाचा शुक्रवार डोळ्यांपुढे आणा. बाजार पाहून तिथूनच राजधानीची वाट धरता येते. म्हणून बुधवार ते शुक्रवार.

यावर भाच्याचा आक्षेप येणारच, ‘एवढ्या लांब जाऊन सहा गावे सोडायची? पुन्हा थोडेच जाणे होणार आहे!’ आक्षेप अगदीच पोकळ नाही. रंगवलेल्या भिंतींचे सांता कातारिना किंवा मातीच्या भांड्यांचे सान आंतोनियो चुकल्याची हळहळ वाटेल. शिवाय जास्त गावांत गेलो तर पैसेही जास्त गावांत वाटले जातील, असेही कुणी म्हणेल. पण धावत्या पाहुण्याचा पैसा धक्क्यावरच्या दुकानापलीकडे जात नाही, हे आपल्या किनाऱ्यावरच्या कुणालाही विचारा. आत जातो तो थांबणाऱ्याचा पैसा.

आणि पाण्याचे काय? 2009 च्या शेवटी आतितलानवर हिरवट-तपकिरी साय पसरली. उपग्रहातून दिसेल इतकी. शेतातली खते, गावांचे आणि हॉटेलांचे सांडपाणी, धुपून आलेली माती, सगळे पाण्यात उतरले होते. पुढे सांडपाणी गोळा करून सरोवराच्या खोऱ्याबाहेर न्यायची मोठी योजना मांडली गेली, तर काठच्या गावांतूनच तिला विरोध झाला. पाणी आमचे, त्याचा निर्णय आम्हाला न विचारता कसा, असा त्यांचा सवाल. सान पेद्रोने 2016 मध्ये प्लास्टिकच्या पिशव्या आणि नळ्यांवर बंदी घातली. म्हणजे गावे हातावर हात ठेवून बसलेली नाहीत. पाहुण्याने निदान त्यांचे काम वाढवू नये. खोली ठरवताना ‘सांडपाणी कुठे जाते?’ हा प्रश्न ‘वायफाय आहे का?’ याच्या आधी विचारावा. आणलेले प्लास्टिक परत न्यावे.

आपल्या गावात आलेल्या पाहुण्याकडून आपण नेमके काय मागतो? थोडे थांबावे, विचारून आत यावे, आमची भाषा कोणती ते जाणून घ्यावे, विहिरीत घाण करू नये. याहून जास्त काही नाही. परक्या गावात जाताना तेवढेच आपल्याकडूनही व्हावे. तीन गावांत ते जमेल. नवांत जमणार नाही.