खरे बकध्यान कोणाचे?

ढोंगी माणसास आपण ‘बकध्यानी’ म्हणतो. मासा टिपण्यासाठी पाण्यात निश्चल उभ्या राहणाऱ्या बगळ्यावर भाषेने लादलेला हा आरोप आम्हांस अन्यायाचा वाटतो. बगळा पोटासाठी उभा असतो. भक्तीचा आव त्याने कधीच आणलेला नाही. खरे सोंग पाहावयाचे असेल, तर विणीच्या दिवसांत बगळ्यांच्या घरट्यांनी भरलेल्या झाडाखाली जावे. पक्षिप्रेमाचे नाव घेऊन, कॅमेरे रोखून ठाण मांडलेली मंडळी तेथे दिसतील.

खाजणांच्या बांधावरून किंवा चोडणच्या पक्षी अभयारण्यात दुरून बगळे पाहणाऱ्यांविषयी, त्यांची छायाचित्रे घेणाऱ्यांविषयी आमची तक्रार नाही. आमचा वाद घरट्यापर्यंत जाणाऱ्यांशी आहे.

विणीच्या काळात बगळ्याच्या पाठीवर तंतूंसारखी तलम पिसे फुटतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस विलायती स्त्रियांच्या टोप्यांसाठी याच पिसांना मोठी मागणी होती. म्हणून शिकारी घरट्यांवरच घाला घालीत आणि मागे पिले उपाशी मरत. १९०२ साली हिंदुस्थान सरकारने पिसांच्या निर्यातीस बंदी केली. आज बंदूक गेली. परंतु तीच पिसे, तोच हंगाम आणि तेच घरटे यांवर आता कॅमेरा रोखलेला आहे.

‘कॅमेरा कोठे जीव घेतो?’ हा बचाव टिकणारा नाही. माणूस फार जवळ आला, की नर-मादी घरटे सोडून उडतात. अंडी पळविण्यास कावळ्याला तेवढी सवड पुरते. भेदरलेली पिले फांदीवरून कोसळतात आणि खाली पडलेले पिलू सहसा वाचत नाही. चित्र स्वच्छ यावे म्हणून आडव्या येणाऱ्या डहाळ्या छाटल्या, तर ऊन-पाऊस थेट पिलांच्या अंगावर येतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमात ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येतच वन्य पक्ष्यांची अंडी वा घरटी यांस उपद्रव देणे अंतर्भूत आहे. हातात हत्यार कोणते होते, हा प्रश्न तेथे गौण ठरतो.

हा प्रश्न आमच्या देवस्थानांच्याही दारात आहे. देवळाच्या तळीकाठी वड-पिंपळांवर बगळे वस्ती करतात. अशा ठिकाणच्या महाजनांना आमचे आग्रहाचे सांगणे आहे, की पिले उडेपर्यंत त्या झाडाखाली कोणासही छायाचित्रासाठी जाऊ देऊ नये आणि विष्ठेची घाण होते या सबबीवर फांद्या तोडू नयेत. फरसबंदी धुता येते. फुटलेले अंडे सांधता येत नाही.

क्रौंचाच्या जोडीतील एकाचा वध पाहून झालेल्या शोकातून वाल्मीकींची वाणी श्लोकरूप झाली, अशी आपली श्रद्धा आहे. ती कथा भक्तीने ऐकणाऱ्या समाजाने आपल्याच तळीकाठी घरटी उधळू द्यावीत, याहून मोठे बकध्यान कोणते?